दोष

आपल्या भाषेत ‘दोष’ हा एकच शब्द दोन घरी नांदतो. सोनार दागिना उजेडात धरून ‘यात दोष आहे’ म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ उणेपणा, खोट. घरात भांडण जुंपले की ‘दोष कोणाचा?’ असे आपण विचारतो, तेव्हा त्याच शब्दाचा अर्थ अपराध. एका अर्थातून दुसऱ्यात जाताना मध्ये उंबरठासुद्धा लागत नाही. वस्तूत खोट दिसली, की त्याच दमात आपण ती कोणाच्या तरी माथी मारायला माणूस शोधू लागतो. मडके गळके निघाले तर कुंभाराला बोल लावावा, हे एक वेळ समजते. पण गळके निघाले ते लहान मुलाचे काळीज असेल तर?

बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या कुशीतल्या एका वस्तीवरच्या शाळेत मी शिकवते. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचून झाले. दोन-तीन कादंबऱ्या लिहिल्या आहेत, पण त्यांचा इथे संबंध नाही. किंबहुना थोडा आहे, तो पुढे येईल. वैद्यक ही माझी विद्या नव्हे. परंतु शाळेत पोरे असतात आणि पोरांना काळजे असतात. २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून डॉक्टरांचे पथक शाळांतून हिंडते, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा. दोन डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधे देणारा, अशी चौघे गाडीतून उतरली की पहिलीची पोरे सुईच्या भीतीने एकमेकांच्या पाठीआड दडतात. सुई नसते, छातीला नळी लावायची असते. या पथकाच्या मागेपुढे करताना जे कानावर आले आणि नंतर पुस्तकांतून ताडून पाहिले, तेवढीच माझी पुंजी.

हजार मुले जन्मली तर त्यांतल्या आठ-नऊ जणांच्या हृदयाच्या घडणीत काही ना काही उणे असते. ही संख्या लहान वाटते. पण जिल्ह्यात एका वर्षात किती पाळणे हलतात याचा अंदाज केला म्हणजे ती लहान राहत नाही. आमच्या शाळेत काही वर्षांपूर्वी एक मुलगा होता. शिवणापाणी खेळताना दहा पावले पळाला की मध्येच उकिडवा बसे, ओठ जांभळे पडत, आणि जरा वेळाने उठून पुन्हा पळे. पोरे त्याला हसत. पथकातल्या डॉक्टरीणबाईंनी मात्र त्याचे ते बसणे पाहूनच अर्धे निदान केले. ज्यांच्या हृदयातून फुफ्फुसांकडे जाणारी वाट चिंचोळी असते आणि भिंतीला भोकही असते, त्यांचे अशुद्ध रक्त फुफ्फुसांत न जाता भोकातून तसेच अंगात शिरते. उकिडवे बसले की पायांच्या रोहिण्या दाबल्या जातात, रक्ताला पायांकडे जायला अडथळा होतो, आणि नाइलाजाने त्यातले थोडे जास्त फुफ्फुसांकडे वळते. हे त्या सहा वर्षांच्या पोराला कोणी शिकवले नव्हते. त्याच्या अंगाने ते आपले आपण शोधून काढले होते. तो आता मोठा झाला आहे, शस्त्रक्रिया होऊन नीट आहे, आणि मोटारसायकल फार जोरात चालवतो.

मला सांगायचे आहे ते त्याच्याविषयी नाही, एका मुलीविषयी आहे. तिचे नाव लिहीत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये पथक आले तेव्हा ती पहिलीत होती. अंगाने मात्र बालवाडीतली वाटे. जेवताना कपाळावर घाम येई, दर पावसाळ्यात छाती भरे. नळी लावून डॉक्टरीणबाई नेहमीपेक्षा जास्त वेळ तिच्यापाशी थांबल्या. मग शिबिरात हृदयाचा ‘टू-डी इको’ काढायला सांगितले. आई, आजी आणि मी, अशा तिघी तिला घेऊन गेलो. पडद्यावर करड्या-काळ्या सावल्या हलत होत्या. खालच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीला भोक आहे, असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले.

आजीने सुनेकडे पाहिलेही नाही. समोरच्या भिंतीला सांगावे तसे ती बोलली, “हजारदा सांगितलं व्हतं हिला, गिराणात कोपीच्या भाईर पडू नको. त्या सांजंला मोळ्या बांधीत बसली. मग लेकराच्या काळजाला भोक पडंल न्हाई तर काय?”

सून एवढेच म्हणाली, “आत्याबाई, मुकादम उठवून न्यायचा. मी काय करू?”

ज्यांना आमचा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. हा अंक तुमच्या हाती पडेल त्या सुमारास आमच्या जिल्ह्यातली हजारो घरे कुलपात असतात, किंवा म्हाताऱ्यांवर सोपवलेली असतात. दसरा-दिवाळीच्या आगेमागे नवराबायको ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि पाडव्याच्या सुमारास परततात. नवराबायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. हंगामाआधी मुकादम जोडीला उचल देतो, ती तोडून फेडायची असते. खाडा झाला तर पैसे कापतात. गरोदर बाईलाही मोळी चुकत नाही. तेव्हा ‘ग्रहण पाळले नाही’ हा आरोप ज्या बाईवर होतो, तिला ते पाळण्याची मोकळीक होती का, हे आरोप करणारा विचारीत नाही.

आजीने सांगितलेले ग्रहण खरेच लागले होते. ३१ जानेवारी २०१८ ची सांज. चंद्र उगवला तोच ग्रासलेला. तेव्हा सुनेचा सातवा महिना सरत आला होता. मुलगी एप्रिलमध्ये झाली. आता मजा अशी की, आईच्या पोटात हृदय घडते ते फार लवकर. गर्भ तीन आठवड्यांचा असतो तेव्हाच ते धडधडू लागते, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास त्याच्या भिंती बांधून पुऱ्या होतात. कित्येक बाईला तोवर दिवस राहिल्याची धड खात्रीही झालेली नसते. डोहाळे, ओटी, हे खाऊ नको, तिकडे जाऊ नको, हे सारे सुरू होते तेव्हा काळजाचे काम केव्हाच आटोपलेले असते. या मुलीच्या हृदयातली भिंत अपुरी राहिली ती २०१७ च्या सप्टेंबरात, कोयता निघण्याच्याही आधी, ग्रहणाच्या चार महिने पूर्वी. चंद्रावर बालंट घ्यायला जागाच नाही. मी हे आजीला बोटांवर महिने मोजून सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “मग त्याच्या आधी कायतरी केलं असंल हिनं.”

मला या उत्तराचे हसू आले नाही. कारण त्यात एक मोठी गोष्ट दडली आहे. आरोपी ठरला होता. गुन्हा चुकीचा निघाला, म्हणून आरोपी थोडाच सुटतो!

आता त्या भोकाने होते काय, ते पाहू. हृदयाची उजवी बाजू अंगभर फिरून आलेले रक्त शेजारच्या फुफ्फुसांत धाडते. डाव्या बाजूला फुफ्फुसांतून ताजे झालेले रक्त टाळूपासून तळपायापर्यंत पोचवायचे असते, म्हणून तिचा जोर चौपट-पाचपट. मधल्या भिंतीला भोक असले, तर जास्त जोराकडून कमी जोराकडे ताजे रक्त निसटते. म्हणजे फुफ्फुसांतून नुकतेच आलेले रक्त पुन्हा फुफ्फुसांतच शिरते. आमच्याकडच्या शेतकऱ्याला हे चटकन कळते. पाटाला मध्येच भगदाड पडले तर विहिरीवरची मोटर दिवसभर धडधडते, वरच्या वावरात चिखल होतो आणि खालचे वावर कोरडे राहते. या मुलांची फुफ्फुसे चिखलात आणि हातपाय कोरडे. हृदय रात्रंदिवस राबते, पोर दूध ओढतानासुद्धा घामाघूम होते, आणि खाल्लेले अंगी लागत नाही.

लहान भोके पुष्कळदा आपोआप बुजतात, हे खरे आहे. ‘मोठी झाली की होईल बरी’ हे वाक्य म्हणूनच फसवे. ते काही मुलांच्या बाबतीत खरे ठरते आणि त्याच्या भरवशावर बाकीची थांबतात. मोठे भोक तसेच राहिले तर फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्या त्या भाराने हळूहळू जाड आणि कठीण होत जातात. उजवीकडचा दाब वाढत वाढत डावीच्या बरोबरीला येतो, मग तिच्यावर जातो, आणि प्रवाह उलटा फिरतो. इतके दिवस गोरेगोमटे दिसणारे पोर निळे पडू लागते. व्हिक्टर आयझेनमेंगर नावाच्या डॉक्टरने १८९७ मध्ये हे प्रथम लिहून ठेवले. एकदा प्रवाह उलटला की मग भोक बुजवता येत नाही. कारण कोंडलेल्या दाबाला वाट देणारे तेवढेच एक दार उरलेले असते. आमच्या मुलीच्या फुफ्फुसांतला दाब वाढू लागला होता. डॉक्टर म्हणाले, या हंगामातच करून घ्या. पुढच्या पावसाळ्याची वाट पाहू नका.

परत येताना एसटीत माझ्या डोक्यात तो शब्द घोळत राहिला: दोष. पुढे जे वाचले त्याने तर त्या शब्दाची पार उलथापालथ केली. पोटातल्या प्रत्येक बाळाच्या हृदयात भोक असते. माझ्या होते, तुमच्या होते. बाळ पोटात श्वास घेत नाही, फुफ्फुसे मिटलेली असतात, ताजे रक्त आईच्या वारेतून नाळेवाटे येते. मग फुफ्फुसांकडे रक्त धाडून उपयोग काय? म्हणून वरच्या दोन कप्प्यांमध्ये एक झडपेचे दार उघडे असते, आणि फुफ्फुसांकडे जाणारी वाहिनी व महारोहिणी यांना जोडणारी एक आडवाटही असते. या दोन वाटांवर बाळ नऊ महिने जगते. जन्मल्यावर पहिला टाहो फोडते, फुफ्फुसे फुलतात, डावीकडचा दाब वाढतो आणि ते दार लोटले जाते. आडवाट एक-दोन दिवसांत आकसून बंद होते. चारांतल्या एका माणसाच्या हृदयातले ते दार पुरते चिकटतच नाही, आणि हे त्याला जन्मभर कळतही नाही. हा लेख वाचणाऱ्यांतही असे कितीतरी असतील. त्यांनी घाबरू नये.

म्हणजे जे दार आत असताना जीव होते, तेच बाहेर आल्यावर उघडे राहिले की दोष. पण गोष्ट एवढ्यावरही थांबत नाही. १९३८ मध्ये बोस्टनला रॉबर्ट ग्रॉस या तरुण शल्यवैद्याने एका मुलीची ती उघडी राहिलेली आडवाट दोरा बांधून बंद केली, आणि जन्मजात हृदयदोषावरचे शल्यकर्म खऱ्या अर्थाने सुरू झाले. त्याच काळात बाल्टिमोरला हेलन टाउसिग ही डॉक्टरीण निळ्या मुलांना तपासत होती. तिला ऐकू कमी येऊ लागले होते, म्हणून ती मुलांच्या छातीवर बोटे ठेवून ठोके ‘ऐके’. तिच्या ध्यानात आले की, काही निळी मुले जन्मल्यावर बरी असतात आणि ती आडवाट मिटली की ढासळतात. ज्यांच्या फुफ्फुसांची मुख्य वाट चिंचोळी, त्यांना ही चोरवाटच जगवीत होती. ती ग्रॉसकडे गेली: तुम्ही वाट बंद करता, तर एक नवी करून द्याल का? त्याने मनावर घेतले नाही. मग तिने आल्फ्रेड ब्लेलॉक या शल्यवैद्याला गळ घातली. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी पंधरा महिन्यांच्या एका मुलीच्या हाताकडे जाणारी रोहिणी वळवून फुफ्फुसांच्या वाहिनीला जोडण्यात आली. ती मुलगी पुढे काही महिनेच जगली. पण त्या वाटेने नंतर हजारो मुले जगली. एकाच आडवाटेला ग्रॉसने रोग म्हणून बांधले आणि टाउसिगने औषध म्हणून मागितले. आज तर नवजात बाळाला औषध देऊन ती वाट उघडी ठेवतात. १९६६ पासून काही बाळांच्या हृदयाच्या भिंतीत फुग्याच्या साहाय्याने मुद्दाम भोक पाडतात.

आपल्या आयुर्वेदात वात, पित्त, कफ यांना त्रिदोष म्हणतात. लहानपणी मला वाटे, दोष आहेत तर काढून का टाकीत नाहीत? पण ते तर देहाचे आधार. प्रमाणात असले की देह चालतो, बिघडले की तोच देह मोडतो. हा शब्द योजणाऱ्याच्या मनात नेमके काय होते ते वैद्यांनी सांगावे. मला एवढे दिसते की त्यात आरोप नाही.

त्या बाल्टिमोरच्या शस्त्रक्रियेतले एक पात्र मला विशेष जवळचे वाटते. ब्लेलॉकच्या मागे स्टुलावर उभा राहून टाके कसे घालायचे ते सांगणारा व्हिव्हियन थॉमस हा कृष्णवर्णी माणूस शाळेच्या शिक्षणापुढे गेलेला नव्हता. कॉलेजसाठी साठवलेले पैसे बँक बुडाली तेव्हा गेले होते. कुत्र्यांवर प्रयोग करून ते शल्यकर्म बसवले त्याने, आणि पगारपत्रकावर त्याची नोंद बरीच वर्षे झाडूवाल्याच्या दर्जाची होती. १९७६ मध्ये त्या विद्यापीठाने त्याला सन्मानाची डॉक्टरेट दिली. दोष वाटताना आपण जितके घाईत असतो तितकेच श्रेय वाटतानाही असतो, असे मला हे वाचून वाटले. आणि मॅट्रिकवाल्यांची बाजू घेण्याची संधी मी सहसा सोडत नाही.

पण आपण आजीकडे परत जाऊ. कारण तिकडे अजून एक प्रश्न राहिला आहे. शिबिरात डॉक्टरांनी कागद भरताना विचारले होते, “लग्न नात्यातलं आहे का?” आजी गप्प. सून हळूच म्हणाली, “मी यांच्या सख्ख्या भावाची लेक.” आत्याबाई नुसती म्हणण्यापुरती नव्हती, रक्ताची आत्या होती, आणि भावाची लेक घरात आणण्याचा हट्ट तिचाच होता. रक्ताच्या नात्यात लग्न झाले तर मुलांत असे दोष निघण्याचा संभव काहीसा वाढतो, हे तिला डॉक्टरांनी सांगितले नाही. पण प्रश्नाच्या सुरावरून ती समजली. त्या क्षणी सुनेच्या चेहऱ्यावर जे उमटले त्याला मी नाव देणार नाही. सहा वर्षे डोक्यावर वाहिलेली मोळी कोणी उचलून शेजारणीच्या डोक्यावर ठेवली तर मान आपोआप ताठ होते, तसे काहीतरी ते होते.

मला कबूल केले पाहिजे की, एक कादंबरी लिहिणारी बाई म्हणून मला हा प्रसंग फार आवडला. केवढा न्याय! आरोप करणारीच आरोपी! कादंबरीत दोषी माणूस सापडल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. सासू, सावकार, मुकादम, कोणीतरी लागतेच. वाचकाला तो सापडला की बरे वाटते, पान उलटते. पण काळीज ही कादंबरी नव्हे. नात्यातल्या लग्नांतून आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या निकोप पोरे जन्मली आहेत, आणि कसलेही नाते नसलेल्या जोडप्यांच्या पोटीही अशी मुले येतात. शास्त्र सांगते ते हजारांविषयी. हजारांत इतकी जास्त. त्या हजारांतले हे एक पोर याच कारणाने असे झाले का, ते शास्त्र सांगत नाही. बहुतेक मुलांच्या बाबतीत नेमके कारण सापडतच नाही. ज्योतिषाकडे पितृदोष असतो, ग्रहदोष असतो, शेजारणीकडे दृष्ट असते, शिकलेल्यांकडे मोबाइल आणि पपई असते. उत्तर नसलेली जागा कोणालाच मोकळी ठेववत नाही.

मग कारणे शोधूच नयेत काय? तसे मला म्हणवत नाही. सिडनीत नॉर्मन ग्रेग नावाचा डोळ्यांचा डॉक्टर होता. त्याच्याकडे एकाएकी मोतीबिंदू घेऊन जन्मलेली तान्ही मुले येऊ लागली. त्यांतल्या पुष्कळांची हृदयेही सदोष. बाहेर बसलेल्या आया आपसांत बोलत होत्या की, पोटुशी असताना मला गोवरासारखे पुरळ उठले होते, अगं, मलाही. ग्रेगने ते ऐकले, इतर आयांना विचारले, आणि १९४१ मध्ये लिहिले की रुबेला हा क्षुल्लक वाटणारा ताप गर्भाचे डोळे आणि काळीज बिघडवतो. त्यातूनच पुढे लस आली. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रातल्या शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची लस टोचली, तेव्हा आमच्या वस्तीवर काय काय अफवा उठल्या होत्या, त्यावर वेगळा लेख होईल. सांगायचे ते असे: ‘गरोदरपणी काय झालं होतं गं?’ हा प्रश्न ग्रेगनेही विचारला आणि आमच्या आजीनेही. शब्द तेच. एकाला पुढच्या बाईचे बाळ वाचवायचे होते. दुसरीला समोरच्या बाईला धरायचे होते.

तरी आजीविषयी एवढे लिहून थांबले तर ती माझ्या कादंबरीतली सासू होईल, म्हणून पुढचे सांगते. पण त्याआधी थोडे अमेरिकेतल्या मिनिआपोलिसला जाऊन यावे लागेल.

हृदयाच्या आतले भोक शिवायचे तर हृदय उघडावे लागते, आणि तेवढा वेळ अंगात रक्त कोण फिरवणार? १९५३ मध्ये जॉन गिबनने यंत्र वापरून एका अठरा वर्षांच्या मुलीवर अशी शस्त्रक्रिया यशस्वी केली. पण पुढचे रोगी गेले आणि त्याने तो नाद सोडला. तेव्हा वॉल्टन लिलेहाय या शल्यवैद्याने एक अजब गोष्ट केली. २६ मार्च १९५४ रोजी त्याने सुमारे वर्षाच्या एका बाळाला एका टेबलावर आणि त्याच्या बापाला शेजारच्या टेबलावर निजवले, आणि दोघांचे रक्ताभिसरण नळ्यांनी एक केले. बापाचे काळीज आणि बापाची फुफ्फुसे काही मिनिटे दोघांसाठी चालली. भिंतीतले भोक शिवले गेले. अकराव्या दिवशी ते बाळ न्यूमोनियाने दगावले. तरी आयाबाप येतच राहिले. अशा एकूण ४५ शस्त्रक्रिया झाल्या; २८ मुले बरी होऊन घरी गेली. शेजारच्या टेबलावरचे कोणी दगावले नाही, पण एका आईच्या मेंदूला इजा झाली. पुढे यंत्रे सुधारली आणि ही रीत मागे पडली.

त्या वेळी पुष्कळ डॉक्टरांनी आक्षेप घेतला: एका जिवासाठी दोन जीव पणाला लावायचे, निरोगी माणसाला सुरीखाली घालायचे, हे वैद्यकाच्या धर्मात बसते का? हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. ज्या घरातली आई आडवी होते त्या घरातल्या बाकीच्या पोरांचे काय होते, हे मी शाळेच्या हजेरीपटावर पाहिले आहे. ती इजा झालेली आई माझ्या मनातून जात नाही. आयाबाप ‘हो’ म्हणाले म्हणून प्रश्न सुटला, असेही नाही. आपल्या लेकरापुढे कोणते आईबाप ‘नाही’ म्हणतील? पण त्या टेबलावर आडव्या झालेल्या बापाला ‘दोष कोणाचा’ हे विचारायला सवड नव्हती, एवढे मला दिसते. त्याचे रक्त दुसरीकडे कामात होते.

आमच्या मुलीच्या शस्त्रक्रियेला पैसे पडणार नव्हते. सरकारी योजनेत बसत होते. मुंबईला जायचे होते. पण उचल आधीच घेतली होती आणि तिच्यातून घराची पत्रे झाली होती. आई मुलीबरोबर मुंबईला गेली तर कोयता अर्धा राहणार. अर्ध्या कोयत्याने उचल फिटत नाही, आणि न फिटलेली उचल पुढच्या हंगामावर चढते. मुकादमाशी बोलणी झाली, चार माणसे मध्ये पडली, मीही गेले. त्याने ऐकले नाही. दोन दिवस घरात चूल पेटली-न-पेटली. तिसऱ्या दिवशी आजी म्हणाली, “मी जाते फडावर.”

तिचे वय साठीच्या पुढचे. गुडघे धरलेले. तोडणी सोडून तिला दहा वर्षे झाली असतील. मुलगा नको म्हणाला, सून रडली. तिने लुगड्याचा ओचा खोचला, दोन भांडी पोत्यात घातली आणि २०२४ ची दिवाळी आटोपल्यावर ट्रकमध्ये चढून बसली. चार महिने तिने वाढे तोडले, मोळ्या बांधल्या, पहाटे तीनला उठून थंडीत उसाच्या पाचटात हात घातले. डिसेंबरात मुंबईला मुलीच्या काळजातले भोक ठिगळ लावून बुजवले, ते तिला फडावर फोनवरून कळले. त्या दिवशी तिने खाडा केला नाही.

पाडव्याला घरी आली तेव्हा तिच्या हातांना भेगा होत्या आणि बोलणे मात्र तसेच होते. ग्रहणाचे तिने मागे घेतले नाही. मी एकदा विषय काढून पाहिला. “ते त्याच्या जागी,” ती म्हणाली, आणि मुलीच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. मला त्या दोन गोष्टी एका बाईत कशा मावतात याचे कोडे पडले होते. आता ते सोडवण्याचा मी फारसा प्रयत्न करीत नाही.

सून पुन्हा गरोदर राहिली. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होते. तिला चौथा महिना होता. म्हणजे आतल्या बाळाचे काळीज बांधून झालेले होते, आणि हे मी तिला सांगितलेही होते. तरी म्हातारीला बरे वाटावे म्हणून ती दार लावून घरात बसली. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मुलीने वर्गात सारी हकीकत सांगितली. आई आत, आजी दारात, आणि ही अंगणात. ढगांतून चंद्र मध्येच दिसे, मध्येच जाई. तांबडा झाला की ही पळत जाऊन आईला सांगे, “अजून लालच हाय,” आणि पुन्हा पळत बाहेर. अशा किती खेपा घातल्या ते तिने बोटांवर मोजून दाखवले, अकरा झाल्या. गणितात ती कच्ची आहे, तेव्हा एखाद-दुसरी इकडेतिकडे असेल.